वाऱ्याचा डोळा

सारिका आपल्या नेहमीच्या खुर्चीकडे गेली, तर तिची खिडकीच जागेवर नव्हती!

भिंतीत नुसतं चौकोनी भगदाड होतं. त्यातून लोणावळ्याचा श्रावण बिनदिक्कत वाचनालयात शिरला होता. आधी धुकं आलं, धुक्यामागून ओल्या मातीचा वास आला, आणि वासाच्या पाठोपाठ आला एक चिखलाचा बूट. बाहेरच्या शिडीवरून. बुटामागून अख्खा माणूस आला. उंच, सावळा, कानावर पेन्सिल, आणि केसांत पावसाचे इतके बारीक थेंब, की कुणी वरून साखर भुरभुरवली असावी.

"मॅडम, जरा सरकता का? नाहीतर मी तुमच्या पुस्तकावरच उतरेन."

"माणसं दारातून येतात," सारिका म्हणाली.

"दारात पाटी आहे, चिखलाचे बूट घालून आत येऊ नये."

"आणि खिडकीतून चिखल लागत नाही?"

त्याने आपल्या बुटाकडे पाहिलं, मग स्वच्छ फरशीकडे... आणि असा मोकळा हसला, की कोपऱ्यात पेपर वाचणाऱ्या दोन आजोबांनी चष्म्यावरून मान वर केली. सारिकाला मात्र हसू दाबायला पदराचा आधार घ्यावा लागला. शाळेतून थेट आल्यामुळे ती साडीत होती, आणि त्या दिवशी प्रथमच तिला साडीचा उपयोग पटला.

"माझी खिडकी कुठे गेली?" तिने विचारलं.

"तुमची?"

"चार वर्षं तिच्याजवळ बसतेय मी."

"मग तुमचीच म्हणायची. खाली व्हरांड्यात उभी केलीये. लाकूड सागवानी आहे, पण पावसाळ्यात फुगते, धड लागत नाही. आता ॲल्युमिनियमची स्लायडिंग बसवतो. एकदम टकाटक!"

"आणि जुनीचं काय करणार?"

"भंगारात."

तो सहज बोलून गेला. पण सारिकाचा चेहरा असा काही उतरला, की त्याने कानावरची पेन्सिल उगाचच काढली आणि पुन्हा तिथेच ठेवली.

त्याचं नाव कैलास. पलीकडच्या कान्हे गावचा. लोणावळ्याच्या बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्याचं खिडक्यांचं छोटं दुकान होतं. आणि सारिका औंढे गावची, इथल्याच एका शाळेत इंग्रजी शिकवायची. रोज शाळा सुटली की ती वाचनालयात येऊन उशीएवढा जाड इंग्रजी शब्दकोश पुढ्यात ओढायची. त्यात प्रत्येक शब्दाचं मूळ दिलेलं होतं, आणि तो घरी न्यायला मिळत नसे.

आता तिला शब्दांचं मूळ कशाला हवं होतं? त्याची गंमत अशी, की तिचे वडील मारुतीबुवा हे औंढ्याचे कीर्तनकार. दिवसा भातशेती, संध्याकाळी हरिनाम. अभंगातला एकेक शब्द ते असा उलगडायचे, जशी सुगरण केळीच्या पानातून वाफाळता मोदक उलगडते. पण अलीकडे सप्ताहात पुढे बसायची ती म्हातारी मंडळी, आणि कॉलेजची पोरं मंडपाबाहेर पारावर, मोबाईलमध्ये तोंड घालून. बुवा रागावले नाहीत. ते लेकीला म्हणाले, "सारे, पोरास्नी इंग्रजी समजतं, तर आपुन इंग्रजीतनंच हाक मारू. मला येक शबूद दे. रोजच्या बोलन्यातला. पर त्याच्या पोटात देव पायजे बघ."

तेव्हापासून सारिका देव शोधत होती. टेबलात नव्हता, तिकिटात नव्हता, मोबाईलमध्ये तर नव्हताच.

हे सगळं तिने कैलासला का सांगितलं, ते तिचं तिलाही कळलं नाही. खिडकी नव्हती, थंडी वाजत होती, आणि तो चौकट बसवता बसवता "मग?" "पुढे?" असं विचारत होता... एवढंच निमित्त.

"अजून नाही सापडला देव?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग माझं एक काम करा. खिडकी बघा. विंडो. दिवसभर तोच धंदा करतो मी, तिच्या पोटात काय आहे ते मला तरी कळू दे."

सारिकाने पानं उलटली. बोट एका ओळीवर थांबलं. तिने ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि तिचे डोळे हळूहळू मोठे झाले.

"काय झालं? शिवी आहे का?"

"वाऱ्याचा... डोळा," ती म्हणाली. अगदी हळू, जणू मोठ्याने बोललं तर अर्थ उडून जाईल. "फार पूर्वी उत्तरेकडचे दर्यावर्दी लोक होड्यांतून इंग्लंडात आले. त्यांच्या घरांना काचा कुठल्या! छपरात नाहीतर भिंतीत नुसतं भोक. धूर जायला, उजेड यायला. आमच्या चुलीवर धुराडं आहे ना, तसंच. त्यांच्या भाषेत विंद म्हणजे वारा, औगा म्हणजे डोळा. विंदौगा. वाऱ्याचा डोळा. त्याचीच झाली विंडो."

कैलासचा स्क्रूड्रायव्हर हातातच राहिला.

"म्हणजे मी दिवसभर वाऱ्याचे डोळे बसवतो?"

"बसवत नाही. काच लावून मिटता."

"मिटत नाही ओ, स्लायडिंग आहे, उघडते ना!"

"किती उघडते?"

तो घुटमळला. "...अर्धी. दुसरी अर्धी तिच्या मागे सरकते."

"म्हणजे एक डोळा कायम मिटलेला."

"तसं नाही मॅडम," कैलास गंभीरपणे म्हणाला, "वारा तुम्हाला डोळा मारतोय असं समजायचं."

सारिकाने शब्दकोश धाडकन मिटला. पण घरी जाताना सहा आसनी रिक्षात, ओल्या माणसांच्या गर्दीत चेपून बसलेली असताना, ती एकटीच खुदकन हसली.

एका खिडकीचं काम एका दिवसाचं. पण त्या खिडकीला काय झालं कोण जाणे, रोज तिचं काहीतरी राहूनच जायचं. आज रबर बसत नाही, उद्या कडी कुरकुरते. कडी कुरकुरते तीसुद्धा नेमकी शाळा सुटल्यावर.

"इतकी कशी हो बिघडते तुमची टकाटक?"

"नवी आहे, लाजते. रोज भेटल्याशिवाय सरळ होत नाही."

घरी मारुतीबुवांना शब्द सांगितला, तसे ते टाळ्या वाजवत उठलेच. "अगं, आपल्यात गवाक्ष म्हनत्यात की! गाईचा डोळा. भाज्याच्या लेन्यावर हाय न्हवं, पिंपळपानागत मोठ्ठा! आपल्याकडं गाईचा, त्यांच्याकडं वाऱ्याचा. पर डोळाच का गं? ह्येचा इचार करायला पायजे."

विचार करायला म्हणून सारिका रविवारी भाज्याला गेली. आणि मळवलीत एका बंगल्याचं काम होतं म्हणून कैलासही, अगदी योगायोगाने बरं का, लेण्याच्या पायऱ्यांवरच भेटला. बंगला खाली होता, काम खाली होतं, आणि हा वर!

पाऊस नव्हता, पण ढग इतका खाली उतरला होता, की लेण्याच्या त्या प्रचंड कमानीतून तो श्वासासारखा आत-बाहेर करत होता. दोघं कमानीखाली उभे राहिले. कातळ पाझरत होता. कुठेतरी खाली एक बैल घुंगरं हलवत होता, आणि तो आवाज इथवर येईपर्यंत टाळाचा होऊन येत होता.

"मला एक कळत नाही," कैलास म्हणाला. "खिडकीतून बघतो आपण. मग डोळा आपला पाहिजे. वाऱ्याचा कसा?"

सारिका उत्तर द्यायला वळली. धुक्याचा एक लोट कमानीतून आत आला, तिच्या गालावरून गेला, तिची बट उडवून गेला... आणि तिला एकदम समजलं.

"खिडकी आपल्याला बाहेर बघायला नसतेच," ती म्हणाली. "बाहेरच्याला आत बघायला असते."

कैलास धुक्याकडे पाहत नव्हता, लेण्याकडेही नव्हता. सारिकाने नजर खाली वळवली, आणि ओल्या कातळावरची एक इवलीशी गोगलगाय फार लक्ष देऊन पाहिली.

"तुमच्या घराला पश्चिमेला खिडकी आहे?" त्याने विचारलं.

"आहे. चौकट पार कुजलीये. का?"

"असंच... माप घ्यायला येऊ?"

"बाबांना विचारते," असं म्हणून ती पायऱ्या उतरू लागली. इतक्या भरभर, की तीन वेळा घसरली. तिन्ही वेळा एक हात पुढे आला, आणि तिसऱ्या वेळी तो जरा उशिराच मागे गेला.

बुवा म्हणाले, "येऊ दे की पोराला." पण हे त्यांनी बहिणीला, येसूबाईंना, सांगायला हवं होतं. सारिकाची आई गेल्यापासून घर येसूआत्याच्या धाकात चालायचं, आणि त्या धाकाला ज्याने हात लावला तो जळला.

औंढ्याचा पाऊस पश्चिमेच्या कड्यावरून आडवा येतो. म्हणून जेठाअखेर त्या घराची पश्चिमेची खिडकी बाहेरून कारवीच्या काड्या विणून केलेल्या तट्ट्याने झाकून टाकायचे. काथ्याने करकचून बांधलेला तो तट्ट्या निघायचा थेट घटस्थापनेला. तोही रीतीने. घरच्या लेकीने उंबऱ्याला लावतात तसं खिडकीला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, मग गाठी सोडायच्या. कान्ह्याला ना तसला पाऊस, ना तसली रीत. कैलासला काय माहीत! त्याला माप हवं होतं, तट्ट्या आड येत होता. त्याने गाठी सोडल्या.

सारिका शाळेतून घरी पोचली, तेव्हा येसूआत्याचा आवाज आंब्याच्या झाडापर्यंत ऐकू येत होता.

"आरं ए बाबा! कंच्या गावचा हाइस तू?"

"कान्ह्याचा, आत्या..."

"तरीच! तिकडं पाऊस पडतुया का कुनी पान्याचा शिपका मारतंय? आन् आत्या कुनाची रं? तुजी?"

झालं होतं असं, की तट्ट्या सुटला आणि पावसाची झड सरळ आत घुसली. खिडकीखाली होता बुवांचा पखवाज. उद्याच्या कीर्तनासाठी नुकताच काढून, पुसून ठेवलेला, बिनखोळीचा. बुवांनी त्याच्यावर थाप मारली. एरवी मेघासारखा घुमणारा पखवाज 'भद्द' म्हणाला. ओल्या गोणपाटावर काठी मारावी तसा.

कैलासचा चेहरा पांढरा पडला. "माझं चुकलं, बुवा," एवढंच तो म्हणाला. कारण नाही, बहाणा नाही. त्याने स्वतःच तट्ट्या परत बांधला, येसूआत्यांच्या देखरेखीखाली, प्रत्येक गाठीला एक टोमणा खात.

"आन् आता नीट ऐक," आत्या म्हणाल्या, "ह्यो तट्ट्या रीतीनं उतरंस्तवर ह्या उंबऱ्यावर पाय ठिवायचा न्हाई!"

तो गेला. सारिका दारात उभी होती. तिच्यासमोरून जाताना त्याने मानही वर केली नाही.

चहा पिताना आत्यांनी दुसरी तोफ डागली. "रईवारी चिंचवडचं स्थळ येतंय. पोरगा कंपनीत हाय. आवंदा आता 'बघू बघू' चालायचं न्हाई, सारे. पसंत पडलं तर तितंच सुपारी फोडायची."

"तिच्या मनाचं तर इचार," बुवा म्हणाले.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. पन्नास पोरांचा वर्ग एका आवाजात गप्प करणारी सारिका बशीतल्या चहाकडे बघत राहिली. शब्द होता. गळ्याशी येऊन थांबला होता. पण उंबरा ओलांडेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळाचा मंडप भरला, टाळकरी उभे राहिले, आणि पखवाज नव्हता. बुवा नुसत्या टाळांवरच सुरुवात करायला निघाले, तेवढ्यात मंडपाच्या दारात कैलास. डोक्यापासून पायापर्यंत निथळणारा. अंगावर रेनकोट नव्हता, कारण रेनकोट पखवाजाला गुंडाळला होता. कान्ह्याच्या भजनी मंडळाकडून तो मागून आणलेला होता.

"देवळाच्या उंबऱ्याला तर बंदी नाही ना, आत्या?" त्याने हळूच विचारलं.

येसूआत्यांनी तोंड फिरवलं. पण शेजारच्या बाईला त्या म्हणाल्या, "पोरगं भिजलंय पार. कुनीतरी टावेल द्या की, मेल्यांनो!"

बुवांनी हरिनामाचा गजर केला. मग पारावरच्या पोरांकडे तोंड करून म्हणाले, "बाळांनो, खिडकीला तुमी काय म्हनता?"

"विंडो!" बाहेरून कुणीतरी ओरडलं, आणि हशा पिकला.

"हां! रोज म्हनता. आता तिच्या पोटात शिरू या." आणि बुवा शिरले. उत्तरेचे दर्यावर्दी त्यांनी असे होड्यांतून आणले, की मंडपात वल्ही वाजली. भाज्याचं लेणं आणलं, गाय आणली, गाईच्या डोळ्यातलं आभाळ आणलं. मोबाईल एकेक करून खिशात गेले. पोरं पारावरून उतरली, मंडपाच्या कडेला आली, आणि बसली.

"आपुन समजतो, खिडकी म्या भाईर बघाया केली. ती जुनी मानसं म्हनली, न्हाई रं बाबा, वाऱ्यानं आत बघावं म्हनून हाय ती! वारा दिसतो का? न्हाई दिसत. पर त्यो तुला बघतो. तसाच ह्यो विटंवरचा सावळा. त्यो दार ठोठावत न्हाई, बळजोरी करत न्हाई. भाईर हुबा ऱ्हातो, कमरंवर हात ठिऊन. आतलं कुनी कवा उघडतंय, येवढीच वाट बघतो. आन् आपुन काय करतो? भिऊन तट्ट्या बांधतो! भिजंल म्हनतो, इस्कटंल म्हनतो. आरं, भिजू दे की वाईच!"

पखवाज कडाडला, टाळ उसळले, आणि सगळा मंडप उभा राहून नाचू लागला. सारिका बायकांत उभी होती. डोळे भरून आले होते, ते पुसावे की वाहू द्यावे कळत नव्हतं. तिने वळून पाहिलं. मागच्या खांबाशी, कुणाचा तरी टॉवेल गळ्यात घालून, कैलास टाळ्या वाजवत होता. टाळी चुकत होती. पण डोळे मिटलेले होते, आणि ओल्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं, की सारिकाने पाहिलं आणि पाहतच राहिली.

प्रसादाच्या रांगेत दोघं एकामागे एक आले. योगायोगाने, अर्थातच.

"रविवारी पाहुणे येणार म्हणे," तो शिऱ्याच्या द्रोणाला म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"आत्यांनी. मला नाही, खांबाला सांगितलं. पण खांबापाशी मी होतो."

"मग?"

"मग काय? मला बंदी आहे. तट्ट्या घटाला उतरणार. तोवर..." त्याने वाक्य सोडून दिलं.

"तुम्ही काहीच बोलणार नाही?" सारिकाचा आवाज नकळत चढला.

कैलासने पहिल्यांदा सरळ तिच्याकडे पाहिलं. त्यात थट्टा नव्हती.

"माझ्या मनात काय आहे ते तुम्हाला भाज्याला कळलंय, सारिका. तुम्ही तीन वेळा घसरलात. पण बुवा आत्ताच म्हणाले ना, वारा बळजोरी करत नाही. उघडायचं तर आतूनच उघडावं लागतं." मग द्रोण दुसऱ्या हातात घेत, "शनिवारी संध्याकाळी मी मळवलीहून तुमच्या खालच्या रस्त्याने येईन. तट्ट्या दिसला... तर तसाच पुढे जाईन. राग नाही."

शनिवार आला. दिवसभर पाऊस रेंगाळत होता. आत्यांनी पाहुण्यांसाठी पोहे निवडून ठेवले, चकल्या तळल्या. बुवा पखवाज मांडीवर घेऊन बसले होते. तो आता वाळला होता, हळूहळू त्याचा आवाज परत येत होता. तिन्हीसांज झाली, आत्यांनी देवापाशी दिवा लावला. कड्यावर ढगांची एक कड केशरी झाली.

सारिका उठली. देव्हाऱ्यातलं हळदकुंकू घेतलं, एक नारळ घेतला, आणि पदर खोचून पावसात बाहेर पडली.

"कुटं निघालीस?" म्हणत आत्या मागे आल्या, आणि भिंतीपाशी थबकल्याच. सारिकाने कुजक्या चौकटीला हळदीची बोटं ओढली, कुंकू लावलं. पायरीवर नारळ आपटला. मग काथ्याच्या गाठीला हात घातला. त्या गाठी कैलासनेच बांधल्या होत्या. घाबरून बांधलेल्या, वेड्यावाकड्या. एकेक सुटत गेली.

"अगं, येड लागलं का? पाऊस गेला न्हाई अजून! घर भिजंल!"

"भिजू दे की वाईच, आत्या," सारिका म्हणाली. शब्द उंबरा ओलांडून बाहेर आला होता. "रीतीने उतरवलाय. तुम्हीच म्हणाला होतात, रीतीने उतरला की बंदी नाही. उद्याच्या पाहुण्यांना नाही म्हणून कळवा. मला... मला कान्ह्याचा पाऊस आवडतो."

तट्ट्या खाली आला. वारा तिच्या खांद्यावरून थेट घरात शिरला, कपडे वाळत घातलेली दोरी हलवून गेला, देवापुढचा दिवा थरथरवून गेला. आत बसलेल्या मारुतीबुवांनी मान वर केली. खिडकीतून त्यांना लेक दिसली, भिजलेली, कपाळावरचं कुंकू ओघळलेली. त्यांनी पखवाज उचलला, कोरड्या कोपऱ्यात नेऊन ठेवला, वर नीट खोळ घातली... आणि परत येऊन खिडकीच्या झडीत, होते तिथेच बसले.

आत्यांनी भावाकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं, मग उघड्या खिडकीला हात जोडून म्हणाल्या, "आता चकल्या सादळनार की गं! खाऊन टाकायला कुनीतरी पायजे."

खालच्या रस्त्यावर एक टेम्पो उभा होता. सारिकाला तो आधी दिसलाच नव्हता, इतकं धुकं होतं. टेम्पोपाशी कैलास उभा होता, मान वर करून, भिजत. किती वेळ झाला होता, कोण जाणे.

"वर या!" तिने हाक मारली. तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी हाक असेल ती. "बंदी उठली!"

"एकटा येऊ शकत नाही!" तो खालून ओरडला. "हिचं काय करू?"

त्याने टेम्पोवरची ताडपत्री दूर केली. आत सागवानाची एक खिडकी होती. तासलेली, तेल पाजलेली, मधासारखी चमकणारी. वाचनालयातली. तिची चार वर्षांची. तीच कडी, तोच एका फळीवरचा ओरखडा.

"भंगारात दिली म्हणालात ना!"

"म्हणालो. मग तुमचं तोंड बघितलं." तो हसला, ओला, मोकळा. "त्या दिवशी तुमच्या घराचं माप घेत होतो, ते हिच्यासाठीच. तट्ट्या परत बांधता बांधता घेतलंच. बोटभरही फरक नाही, बघा! पण एक सांगून ठेवतो, ही सरकणारी नाही. दोन फळ्या आहेत."

"म्हणजे?"

"उघडली की पूर्ण उघडते."

सारिका पावसात उभीच राहिली. मग ओल्या पदराने डोळे पुसत, उतारावरून त्याच्याकडे धावत सुटली. वाट निसरडी होती, पण या वेळी ती एकदाही घसरली नाही.